ग्राफिक्स कार्ड, मे महिना आणि वाळलेली पेस्ट

देशातील संशोधकांसाठी किती जीपीयू उपलब्ध होणार, याचे आकडे आता बातम्यांतून वारंवार येतात. मार्च 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘इंडिया एआय मिशन’साठी 10,300 कोटींहून अधिक रुपये मंजूर केले, तेव्हा 10,000 जीपीयूंचे उद्दिष्ट होते, पुढे हा आकडा 34,000 च्या वर गेला. अशा बातम्या वाचून आनंद होतोच. पण सोबत एक प्रश्नही मनात येतो, जो बातमीत सहसा नसतो : या साऱ्या यंत्रांची उष्णता जाणार कुठे? हा प्रश्न मला पुस्तकाने नव्हे, तर एका मे महिन्याने शिकवला. आणि त्याची किंमत माझ्याऐवजी दुसऱ्याच कुणीतरी मोजली.

तेव्हा मी उत्तर भारतातील एका संस्थेत पीएच.डी.च्या शेवटच्या वर्षात होतो. चुंबकीय पदार्थांतील प्रावस्था-संक्रमणाची मॉन्टे कार्लो सिम्युलेशन्स आम्ही चार वर्षे जुन्या एका संगणकावर चालवीत असू. त्यात प्रत्येकी 250 वॉटची दोन ग्राफिक्स कार्डे एकमेकांना जवळजवळ चिकटून बसवली होती. मार्च महिन्यात माझ्या एका कनिष्ठ सहकाऱ्याने प्रोग्रामचा काही भाग नव्याने लिहिला. मे महिन्यात दहा दिवसांचे काम बारा दिवस घेऊ लागले. मी कार्डाचे तापमान पाहिले : 84 अंश, अगदी स्थिर. म्हणजे यंत्र ठीक आहे, दोष नव्या प्रोग्रामचाच, असा निष्कर्ष मी काढला आणि गटाच्या बैठकीत, मार्गदर्शकांसमोर, तो बोलूनही दाखवला.

तो काहीच बोलला नाही. पुढचे तीन आठवडे तो रात्री जागून एकेक ओळ तपासत राहिला. दोष सापडेना, तेव्हा त्याने माझाच जुना प्रोग्राम चालवून पाहिला. तोही तितकाच मंद. मग त्याने दर मिनिटाला कार्डाची गती, वीजवापर आणि तापमान नोंदवणारी छोटीशी व्यवस्था केली आणि चार दिवसांचा आलेख माझ्या टेबलावर ठेवला. पहाटे गती वाढत होती, दुपारी घसरत होती. प्रोग्रामला दिवस-रात्र कळत नाही. तापमानाची रेषा मात्र सपाट होती, 84 वर.

ती रेषा सपाट होती म्हणूनच मी फसलो होतो. त्या कार्डाचे नियंत्रण तापमान 84 च्या पुढे जाऊ देत नाही. त्यासाठी ते गतीचा बळी देते. आमच्या खोलीचे वातानुकूलन यंत्र दुपारी हार मानत असे, खोली 38 अंशांवर जाई, आणि 250 वॉटचे कार्ड जेमतेम 160 वॉट खर्चून स्वतःला सांभाळत बसे. उत्पादक आणि परीक्षक आपली मोजमापे बहुधा वीस-पंचवीस अंशांच्या खोलीत करतात. कार्डाचे तापमान म्हणजे खोलीचे तापमान अधिक उष्णतेच्या वाटेवरील अडथळ्यांमुळे पडणारी भर. खोली आमच्या हातात नव्हती. अडथळे होते.

मालमत्ता-नोंदवहीतील वस्तूला स्क्रू-ड्रायव्हर लावायला धाडस लागते. हमीची मुदत संपलेली होती, हे आमचे भाग्य. पंखा काढल्यावर ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांवर धुळीची चक्क गोधडी दिसली. त्याखाली चिपवरची थर्मल पेस्ट तंबाखूच्या डबीत राहून गेलेल्या चुन्यासारखी वाळली होती. कडांना ढीग, मध्यभागी जवळजवळ काहीच नाही.

हे असे का होते? तांबे तापल्यावर सिलिकॉनच्या सुमारे सहापट प्रसरण पावते. कार्ड रोज तापते, निवते. दोन पृष्ठभाग किंचित सरकतात आणि पेस्ट हळूहळू बाहेर ढकलली जाते. तिची जागा हवा घेते, आणि हवा ही उष्णतेची अत्यंत वाईट वाहक. पेस्टही काही थोर वाहक नव्हे. तांब्याची उष्णतावाहकता 400 च्या आसपास (वॉट प्रति मीटर प्रति अंश), चांगल्या पेस्टची 5 धरा, हवेची 0.026. म्हणून पेस्टचे काम एवढेच, की डोळ्यांना न दिसणाऱ्या खाचांतून हवेला हुसकावून लावायचे. जाड थर दिला तर तीच अडथळा होते.

विद्यार्थ्यांनी हा हिशेब स्वतः करून पाहावा. चिपचे क्षेत्रफळ सुमारे 4.7 चौरस सेंटिमीटर, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला 53 वॉट. घरातल्या 1,500 वॉटच्या विजेच्या शेगडीची 18 सेंटिमीटर व्यासाची तबकडी दर चौरस सेंटिमीटरला 6 वॉट देते. पेस्टचा थर 50 मायक्रॉन असेल, तर त्याच्या दोन बाजूंच्या तापमानांत सुमारे 5 अंशांचा फरक पडतो. वाळून, भेगा पडून वाहकता चतुर्थांश झाली, की तोच फरक 21 अंश होतो. केसाएवढ्या थरात सोळा अंश हरवतात!

आम्ही आयसोप्रोपाइल अल्कोहोलने दोन्ही पृष्ठभाग पुसले, मध्यभागी वाटाण्याएवढी पेस्ट ठेवली आणि चारही स्क्रू तिरपे, आळीपाळीने, थोडे थोडे आवळले. मेमरीवरचे रबरी पॅड बदलताना पहिल्यांदा चुकलो. नवे पॅड अर्धा मिलिमीटर जाड निघाले, त्यामुळे तांब्याचा ठोकळा चिपवर टेकेनाच आणि कार्ड पूर्वीपेक्षा लवकर तापले. सगळे पुन्हा उघडावे लागले. योग्य जाडीचे पॅड बसवल्यावर 30 अंशांच्या खोलीत, पूर्ण 250 वॉटवर, तापमान 75 वर थांबले.

तरीही दुपारच्या 38 अंशांत हिशेब 83 वर जात होता. तेव्हा आम्ही वीजमर्यादा 200 वॉटवर आणली. चिपचा वीजवापर गतीबरोबर आणि व्होल्टेजच्या वर्गाबरोबर वाढतो, त्यामुळे शेवटच्या थोड्या गतीसाठी फार मोठी किंमत मोजावी लागते. आमची गती पाच टक्क्यांच्या आसपास घटली, पण कार्ड भर दुपारी 74 वर राहिले आणि वेग दिवसभर सारखा मिळू लागला. माझ्या मते भारतीय प्रयोगशाळांनी हा उपाय पेस्टच्याही आधी करून पाहावा. तो फुकट आहे.

मोठ्या केंद्रांत हेच गणित मोठ्या आकड्यांनी चालते. एका एच-100 जीपीयूची मर्यादा 700 वॉटपर्यंत, आठ जीपीयूंचा एक सर्व्हर सुमारे 10 किलोवॉट. तिथे पंखे अपुरे पडू लागतात आणि पाणी आणावे लागते, कारण तेवढ्याच आकारमानाचे पाणी हवेच्या सुमारे 3,500 पट उष्णता वाहून नेते. खरेदीच्या बातमीत या नळांना, पंपांना आणि दरवर्षीच्या देखभालीला जागा नसते. आमच्या अनुदानात संगणकासाठी रक्कम होती; काही शे रुपयांच्या पेस्टसाठी खर्चाचे शीर्षकच नव्हते. ती मी माझ्या पैशांनी आणली.

सहकाऱ्याची मी क्षमा मागितली. तो हसला आणि त्याने विचारले, “भैया, आता रोज तापमानाबरोबर गतीही नोंदवायची ना?” पुढच्या बैठकीत मी सर्वांसमोर चूक कबूल केली. मार्गदर्शक त्या दिवशी परगावी होते. त्यांना नंतर सांगितले. पण तोवर त्या सत्राचा प्रगती-अहवाल पाठवून झाला होता. ‘नव्या प्रोग्राममधील त्रुटींमुळे विलंब’ हे वाक्य, त्याच्या नावासह, त्यात अजूनही आहे.