‘थांबा’ म्हटलं की थांबायचं

आतून तपासावं लागेल, असं सांगितलं की पहिला प्रश्न येतो, “डॉक्टर, दुखेल का हो?” माझ्या मुलुंडच्या दवाखान्यात कामावरून सुटून थेट आलेली भांडुपची ताई तो विचारते आणि लेकीचा हात धरून आलेल्या घाटकोपरच्या आजीही विचारतात. “अजिबात नाही,” असं मी कधी सांगत नाही. दाब जाणवेल; दुखलं तर ‘थांबा’ म्हणा, मी त्याच क्षणी थांबेन, एवढंच सांगते.

माझ्या लेखी हा तपासणीचाच भाग आहे. भीती वाटली की श्वास अडकतो, मांड्या जवळ येतात आणि योनिमार्गाभोवतीचे स्नायू आपोआप आवळतात. त्यात स्पेक्युलम (योनिमार्ग उघडून धरणारं उपकरण) सरकवला की खरोखरच दुखतं. पुढच्या खेपेला त्या आठवणीनेच स्नायू आधी आवळलेले असतात. “अंग सैल सोडा” असं दरडावून ते सैल होत नाहीत. आधी लघवीला जाऊन यायला सांगावं, स्पेक्युलम कोमट करून घ्यावा, हात लावण्याआधी तसं सांगावं, श्वास हळूहळू सोडायला लावावा. पण सगळ्यांत जास्त गुण येतो तो ‘थांबा’ या शब्दाचा. आपलं ऐकलं जाणार, याची खात्री पटली की बहुतेक जणी थांबवतच नाहीत.

लाजेचं ओझं वेगळंच. पडद्यापलीकडे सासूबाई बसलेल्या असतील, तर बाई तोंडातून हूं की चूं काढत नाही. काहींच्या अंगावर जुन्या जबरदस्तीची आठवण असते. म्हणून आधी कधी त्रास झाला होता का, हे मी एकटीला, कपडे अंगावर असताना विचारते.

दुखणं आठवणीत कसं उरतं, हे कोलोनोस्कोपीच्या (नळी घालून मोठं आतडं तपासण्याच्या) रुग्णांवर रेडेलमायर आणि कानेमान या संशोधकांनी १९९६ मध्ये दाखवलं, की तपासणी किती वेळ चालली याला आठवणीत फारसं स्थान नसतं. सर्वांत दुखलेला क्षण आणि शेवटची काही मिनिटं तेवढी राहतात. त्यांच्या २००३ च्या प्रयोगात शेवटी नळी थोडा वेळ न हलवता तशीच ठेवली. तपासणी लांबली, तरी त्या रुग्णांना ती कमी दुखल्याचं आठवलं. मीही शेवटी घाई करत नाही. स्पेक्युलम सावकाश काढते, चादर नीट करते, बाई उठून कपडे सावरून बसली की मगच बोलते.

ती परत येणार का, हे या आठवणीवर ठरतं. टाटा मेमोरियलने १९९८ मध्ये मुंबईच्या झोपडपट्ट्यांत सुरू केलेल्या अभ्यासात ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रिया होत्या. त्यातल्या निम्म्या वस्त्यांत दहावीपर्यंत शिकलेल्या, खास प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी ॲसेटिक ॲसिड लावून गर्भाशयमुख तपासत. तिथे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. पुन्हा पुन्हा टेबलावर चढायला बायका तयार झाल्या नसत्या, तर हे घडलंच नसतं.

आमच्या प्रात्यक्षिक परीक्षेत विद्यार्थ्याला निदान विचारतात. हात लावण्याआधी तो रुग्णाशी काय बोलला, यालाही गुण ठेवावेत, असा माझा आग्रह आहे.