बंब पेटवायच्या आधी

दसऱ्याचे सोने लुटून झाले, कोजागिरीचे दूध पिऊन झाले, की आमच्या घरी एक काम हटकून निघते. अडगळीच्या खोलीत पोत्यात गुंडाळून ठेवलेला तांब्याचा बंब अंगणात येतो. दिवाळीच्या अभ्यंगस्नानाला तो तयार हवा आणि तेथून होळीपर्यंत तो रोज पेटणार. आमचे गाव कन्नड तालुक्यातले, डोंगराच्या कडेचे. पौषातल्या पहाटे पारा कधी कधी १० अंशांच्या खाली उतरतो. रात्रपाळीची वीज आली, की घरातली माणसे गव्हाला पाणी द्यायला जातात आणि उजाडताना गारठून परततात. अशा वेळी दोन बादल्या कढत पाणी म्हणजे औषधच!

बंब तुम्ही पाहिला असेलच. मधोमध उभी नळी, नळीच्या तळाशी जाळी, भोवती पाणी. विस्तव पाण्याच्या पोटातच बसतो, म्हणून चुलीवरच्या हंड्यापेक्षा थोड्या जळणात पाणी तापते. पण वर्षाकाठी त्याची नीट देखभाल केली नाही, तर तोच बंब जळण खातो, गळतो आणि कधी कधी माणसाच्या जिवावरही उठतो. हे शेवटचे मी ऐकीव सांगत नाही.

माझ्या लग्नानंतरचा तिसरा हिवाळा होता. थोरल्या जाऊबाई बाळंत होऊन पंधरा दिवस झाले होते. आमची न्हाणी लहान, एकच झरोका. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, त्या झरोक्यात गोणपाट कोंबले होते. बंब आतच. सुईण बाळाला न्हाऊ घालून बाहेर आली. जाऊबाईंनी आतून कडी लावली. धुराचा त्रास नको म्हणून ज्वाळा आधीच विझू दिली होती. नळीत नुसते लाल निखारे होते. धूर नाही, तर भीती कसली, असे आम्हा सगळ्यांनाच वाटले.

बराच वेळ झाला, पाण्याचा आवाज येईना. मी दार वाजवले. "जाऊबाई, झालं का?" उत्तर नाही. मामंजींनी दार मोडले. जाऊबाई पाटाशेजारी आडव्या पडलेल्या. कोणी म्हणाले दृष्ट लागली, कोणी म्हणाले बाहेरची बाधा. मामंजी मात्र ओरडले, "आधी तिला अंगणात घ्या!" उघड्या हवेत बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे उघडले. डोके ठणकत होते, उलटी झाली, पायात बळ नव्हते. बैलगाडीने सडकेपर्यंत आणि पुढे जीपने तालुक्याला नेले. तेथे त्यांना प्राणवायू लावला.

डॉक्टरांनी समजावले ते मी आजवर विसरले नाही. कोंडलेल्या जागेत विस्तवाला पुरेशी हवा मिळाली नाही, की कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तातली प्राणवायूची जागा बळकावतो. माणसाला गुंगी येते आणि हाक मारायचेही बळ राहत नाही. ज्वाळा बसून निखारे धुमसतात, तेव्हा तो पुष्कळ निघतो. म्हणजे धूर नाही म्हणून आम्ही निर्धास्त होतो, तीच खरी धोक्याची वेळ होती!

त्या वर्षी मामंजींनी गवंडी बोलावून बंब न्हाणीच्या बाहेर, पडवीत बसवला. तोटीचे पाणी भिंतीतून नळीने आत येते. झरोका मोठा केला, त्याला जाळी लावली. पुढे मुलांबरोबर दौलताबादचा किल्ला पाहायला गेले, तेव्हा तेथला शाही हमाम पाहिला. पाणी तापवणारी भट्टी एकीकडे आणि अंघोळीची जागा दुसरीकडे, ही हमामांची जुनी रीत. बादशाही थाट आपल्याला नको. पण विस्तव बाहेर आणि अंघोळ आत, एवढे शहाणपण शेतकऱ्याच्या घरालाही परवडते.

आता तयारीचे सांगते. बंब अंगणात आला, की आधी नळी झाडा. काठीला गोणपाट बांधून वरपासून खालपर्यंत फिरवा. काजळी तर निघतेच, पण पावसाळ्यात कुंभारीण माशीने केलेली मातीची घरेही निघतात. नळी तुंबली, की धूर उलटतो. खालची जाळी जळून झिजली असेल, तर बदला.

मग बंब काठोकाठ भरून रात्रभर कोरड्या फरशीवर ठेवा. सकाळी फरशी ओली दिसली, तर ओल कोठून आली ते पाहून खडूने खूण करा आणि तांबटाकडून सांधा झाळून घ्या. दिवाळीच्या तोंडावर त्याच्याकडे गर्दी होते, म्हणून हे काम आधी उरका. तोटी ठिबकत असेल, तर बहुधा आतला वायसर गेलेला असतो. तो थोड्या पैशांत मिळतो.

आपल्याकडच्या विहिरींचे पाणी बहुतेक जड. ते तापून तापून बंबाच्या आतल्या अंगावर पांढरा थर बसतो. हा थर उष्णता अडवतो, म्हणून जळण वाढवले तरी पाणी लवकर तापत नाही. चिंचेचा कोळ कोमट पाण्यात कालवून रात्रभर बंबात ठेवावा, सकाळी नारळाच्या काथ्याने घासावे आणि दोन-तीन पाण्यांनी धुवावे. हे आंबट पाणी गुरांच्या हौदात ओतू नका. त्यात तांबे उतरलेले असते. बाहेरून चिंच-मीठ लावले, की बंब नव्यासारखा झळकतो. कल्हईची मात्र गरज नाही. ती स्वयंपाकाच्या भांड्यांना. बंबातले पाणी पिण्याला किंवा स्वयंपाकाला घेऊ नये.

रोजचा नियम एकच: आधी पाणी, मग विस्तव. रिकामा बंब पेटवला, तर झाळलेले सांधे सुटतात. विस्तव असेपर्यंत, जितके ऊन पाणी काढाल तितके गार पाणी वरून ओता. आमच्या आत्याबाई म्हणत, "बंबाला तहान लागू देऊ नये."

जळणाला तुराट्या, पऱ्हाट्या, मक्याची बुरकुंडे चालतात. कोरडे जळण थोडे थोडे घालावे. ओले घातले, तर नुसता धूर होतो. पण पऱ्हाट्यांच्या गंजी बांधावर वर्षभर राहू देऊ नका. गुलाबी बोंडअळी त्यात दडून राहते आणि पुढच्या हंगामात कपाशीवर येते. उन्हाळ्यातच त्यांचा निकाल लावावा. राख गार झाली, की उकिरड्यावर जाते.

लेकरांच्या बाबतीत आणखी एक. बादलीत आधी गार पाणी घ्या, मग ऊन मिसळा. ऊन पाणी आधी काढून तुम्ही गार आणायला वळलात, की तेवढ्यात मूल हात घालते. भाजलेच, तर त्या जागी साधे गार पाणी २० मिनिटे ओतत राहा. शाई, हळद, टूथपेस्ट काही लावू नका. मोठे भाजले असेल, तर तडक दवाखाना गाठा.

आता बऱ्याच घरांत गॅसचा गिझर आला, छपरावर सौर बंब आले. सौर बंबात विस्तवच नाही, तेव्हा ही भीतीही नाही. पण गॅसचा गिझर न्हाणीच्या आत लावून दारे-खिडक्या घट्ट मिटल्या, तर तोच वास नसलेला वायू तेथेही तयार होतो. वस्तू नवी असली, तरी धोका जुनाच. गिझर न्हाणीच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवा. अंघोळ करताना डोके जड झाले, मळमळले, तर अंगावर कपडा ओढून आधी बाहेर या.

आमच्या जाऊबाई आता आजी झाल्या आहेत. नरकचतुर्दशीच्या पहाटे घरात उटण्याचा वास दरवळतो आणि पोरे पाटावर बसायला भांडतात. जाऊबाई मात्र हातात कंदील घेऊन आधी न्हाणीत जातात आणि झरोका उघडा आहे ना, हे हाताने चाचपून पाहतात. मगच म्हणतात, "हं, या रे आता."

तुमच्याही घरी यंदा बंब पेटवण्याआधी कोणीतरी तेवढा झरोका पाहून यावे, एवढेच मागणे.