टोळीचे नेतृत्व : मुकादमीच्या अनुभवातून

बीड जिल्ह्यातील बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातून, धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांतून, दसऱ्याच्या सुमारास हजारो कुटुंबे ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघतात. या स्थलांतराची घडी बसवणारा मध्यस्थ म्हणजे मुकादम. तो कारखान्याकडून किंवा वाहतूकदाराकडून रक्कम घेऊन मजुरांना हंगामापूर्वीच आगाऊ देतो, आणि या आगाऊ रकमेला ‘उचल’ म्हणतात. मजुरांची मोजणी ‘कोयत्या’त होते, एक कोयता म्हणजे बहुधा नवरा-बायकोची जोडी, आणि असे अनेक कोयते मिळून टोळी बनते.

प्रस्तुत लेखकाने आधी कोयता धरला आणि नंतर मुकादमी केली, त्यामुळे नेतृत्वाचा प्रश्न त्याच्यासमोर दोन्ही बाजूंनी उभा राहिला. मुकादमाला तोडणीच्या बिलावर टक्केवारीने कमिशन मिळते आणि एखादा कोयता उचल बुडवून गेला तर तो तोटा मुकादमाच्याच अंगावर येतो; म्हणूनच धाक हे त्याचे सर्वांत जवळचे हत्यार ठरते. ‘खाडा’, म्हणजे गैरहजेरीचा दिवस आणि त्याबद्दल कापला जाणारा दंड, हे त्या धाकाचे नेहमीचे रूप होय. मासिक पाळीत किंवा आजारपणातही बाई फडात उभी राहते, त्यामागे हा दंड मोठे कारण असतो. बीडमधील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला आणि शासनाला चौकशी समिती नेमावी लागली, तेव्हा खाड्याची चर्चा कोप्यांबाहेर, म्हणजे मजुरांच्या तात्पुरत्या झोपड्यांबाहेर, पोहोचली.

लेखकाच्या टोळीत दुखणाईत किंवा गरोदर बाईचा खाडा धरणे बंद झाले आणि तिच्या वाटणीच्या मोळ्या वाहून गाडी भरण्याचे काम इतर कोयत्यांनी पाळीपाळीने उचलावे, असे सर्वांच्या संमतीने ठरले. त्याच वेळी वजनाच्या पावत्या संध्याकाळी कोप्यांसमोर वाचून दाखवण्याची आणि प्रत्येकाची उचल किती फिटली हे वहीत मांडण्याची रीत पडली. वही शाळा शिकलेल्या एका पोराकडे असे, मुकादमाकडे नव्हे. हिशेब उघडा झाल्यावर पाळीवरून होणारी कुरबुर कमी झाली, कारण दुसऱ्यासाठी उचललेली मोळी कोणाच्या खात्यावर पडते, हे सर्वांना दिसू लागले. रात्री-अपरात्री गाडी भरायला येई, तेव्हा मुकादमाने स्वतः मोळी उचलणे हाही या व्यवस्थेचाच भाग होता. पाळी लावणारा पाळीतून सुटला असता, तर ती पाळी कोणी मानली नसती.

पुढील दसऱ्याला तेच कोयते परत आले की मुकादम यशस्वी, असे गावोगाव मानले जाते. परंतु हे माप फसवे आहे, कारण ज्याच्या अंगावर मागील हंगामाची बाकी आहे, त्याला दुसरीकडे जाण्याची मोकळीकच नसते. कर्जाने बांधलेली टोळी आणि विश्वासाने जमलेली टोळी फडात सारखीच दिसते. फरक कळतो तो उचल पूर्ण फिटलेल्या कोयत्यावरून : दुसऱ्या मुकादमाकडे जाणे त्याला शक्य असूनही तो त्याच टोळीत नाव लावत असेल, तरच तिला नेतृत्व लाभले असे म्हणता येते.