खाज एकाची नसते

सोलापूरजवळच्या कुंभारीतल्या गोदूताई परुळेकर वसाहतीतलं आमचं घर सासूबाईंच्या नावावर आहे. 2006 साली विडी कामगार बायांना इथं 10 हजार घरं मिळाली, त्यांतलं एक. सासूबाई विड्या वळतात, त्यामुळे त्यांच्या बोटांच्या बेचक्यांत पुरळ उठलं, तेव्हा सगळ्यांनी दोष पानातंबाखूला दिला. भिजलेलं पान, तंबाखूची धूळ यांनी विडीवाल्या बायांच्या हातांना खाज सुटते, हे खरंच आहे. पण ही खाज रात्री वाढायची. मनगटावर आली, कमरेला आली, मग माझ्या धाकट्यालाही सुटली. लेकरू कुठं विड्या वळतंय?

शेजारणीनं दिलेल्या मलमानं आधी बरं वाटलं, मग पुरळ आणखी पसरलं. दवाखान्यात ती ट्यूब दाखवली. त्यात स्टेरॉइड होतं. त्यानं लाली नि खाज दबते, पण कातडीत बीळ करून राहणारा किडा तसाच राहतो. डॉक्टरबाईंनी सांगितलं, "ही खरूज आहे. औषध घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं."

सासरे म्हणाले, "मला कुठं खाजतंय?" पहिल्यांदा लागण झाली की खाज सुटायला चार-सहा आठवडेही जातात, तोवर तोच माणूस दुसऱ्याला देत असतो. एका खोलीत अंगाला अंग लावून झोपणाऱ्या आमच्यासारख्यांना हे कळणं फार गरजेचं.

पाच टक्के परमेथ्रिनचं मलम रात्री मानेपासून तळव्यापर्यंत लावलं. बेंबीत, नखांखाली, बेचक्यांतसुद्धा. सासूबाई सवयीनं हात धुवायच्या, की मी पुन्हा त्यांच्या हातांना लावायची. सकाळी अंघोळी झाल्या, मगच विड्यांचं सूप मांडीवर आलं. कपडे नि सोलापुरी चादरी कढत पाण्यात काढून कडक उन्हात वाळवल्या. आठवड्यानं सगळं परत केलं.

किडा मेला तरी खाज दोन-चार आठवडे रेंगाळते. तेवढ्यात औषध लागू पडलं नाही म्हणून बाया पुन्हा दुकानातली ट्यूब आणतात. त्या दिवसांत आम्ही कॅलामाइन लावलं, अंघोळीनंतर खोबरेल चोळलं, नखं बारीक ठेवली.

बायांनो, रात्रीची खाज घरात दोघांना सुटली, तर कामाचा खाडा झाला तरी चालेल, पण डॉक्टरला दाखवा. तान्हं बाळ किंवा गरोदर सून असेल तर तेही आधीच सांगा. आणि मलम आणाल ते सगळ्या घराला पुरेल एवढं आणा.