आयसिंगचं भांडं

आमच्या घरात कुत्रा पाळलेला नाही, हे आधीच सांगते. जिंतूरला आमच्या मोहल्ल्यात कुणाच्याच घरात नाही. तरी या जानेवारीत मी एका कुत्रीसाठी ज्वारीची बिस्किटं भाजली आणि त्यांच्यावर पांढरं आयसिंग लावलं. शाळेत ही गोष्ट कळली तेव्हा एक सहकारी बाई म्हणाल्या, "टीचर, इथं पोरांच्या डब्यात भाजी नसते आणि तुम्ही कुत्र्याला केक घालता?" त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. मी काही बोलले नाही. उत्तर द्यायचं तर एक वर्ष मागं जावं लागलं असतं.

जानेवारी 2025. माझ्या मुलाचा सातवा वाढदिवस. वाढदिवस करावा की करू नये यावर आमच्या घरात दरवर्षी थोडी बोलाचाली होते आणि शेवटी केक होतोच. तो मीच करते, कुकरमध्ये. शिट्टी आणि रबर काढायचं, तळाला मीठ पसरायचं, वर डबा ठेवायचा. त्या वर्षी मुलाला काळं आयसिंग हवं होतं. लोणी, पिठीसाखर आणि कोको पावडर, तीही हात सैल सोडून. केकच्या आत मूठभर मनुके. आयसिंग लावून झालं तरी भांड्याच्या कडांना बरंच उरलं होतं.

दाराबाहेर मोतीचं पिल्लू होतं. मोती ही गल्लीतली कुत्री. कुत्री असून नाव मोती, कारण आमच्याकडच्या पोरांना कुत्र्याचं दुसरं नाव सुचत नाही. चार पिल्लांतलं हे एकच जगलं होतं, दीड-दोन महिन्यांचं. मुलानं विचारलं, "अम्मी, छोटू को देऊं?" मी म्हणाले, दे. त्यानं भांडंच अंगणात ठेवलं, वर केकचा एक तुकडा कुस्करून टाकला. पिल्लानं भांडं इतकं चाटलं की ते घासल्यासारखं चकचकीत झालं.

सासूबाईंनी, त्यांना आम्ही अम्मा म्हणतो, ते पाहिलं. "हाय अल्ला, बर्तन में मूं डाला क्या उसने?" मग सुरू झाली चर्चा. अम्मांचं म्हणणं सात वेळा धुवायचं, त्यात एकदा मातीनं. माझे पती म्हणाले की आपण हनफी, आपल्याकडे तीनदा धुतलं तरी भांडं पाक होतं. मी मध्येच माझं ज्ञान पाजळलं, की कोकणातले आपले शाफई लोक सातवर ठाम असतात आणि मालिकी तर कुत्र्याच्या लाळेला नापाकच मानत नाहीत. इशाच्या अजानीपर्यंत हे चाललं. अम्मांनी भांडं सात वेळा धुतलं, एकदा मातीनं, आणि तरीही स्वयंपाकघरात न आणता अंगणातल्या भिंतीवर पालथं घातलं.

तोवर पिल्लू बाहेर गोल गोल पळत होतं. धापा टाकत होतं. नंतर ओकलं. मला वाटलं, जास्त खाल्लं. सकाळी ते नालीच्या काठी ताठ झालेलं सापडलं. मोती जवळ बसली होती.

मुलानं विचारलं, "कैसा मरा?" मी म्हणाले, "ठंडी लगी बेटा." परभणीची थंडी तशी बदनामच. हिवाळ्यात राज्यातल्या सर्वात कमी तापमानाची बातमी येते तेव्हा अनेकदा आमच्याच जिल्ह्याचं नाव असतं. खोटं बोलायला हवामानानं मदत केली. पण त्या वेळी ते खोटं आहे हे मलाही माहीत नव्हतं. संशय होता, इतकंच.

माहीत झालं ईदच्या दिवशी. माझी एक जुनी विद्यार्थिनी परभणीच्या पशुवैद्यक महाविद्यालयात शिकते. उर्दू माध्यमातून दहावी झालेली मुलगी जनावरांची डॉक्टर होणार, याचा मला तिच्या आईबापापेक्षा जास्त अभिमान. ती ईद मिळायला आली. मी वाटीत उरलेला शीर-खुर्मा मोतीला टाकायला निघाले होते. तिनं माझा हात धरला. "टीचर, इसमें किशमिश है. नक्को देऊ."

मग ती बोलत राहिली आणि मी ऐकत राहिले. वर्गात आमच्या जागा उलट असायच्या. किसमिस, मनुके, द्राक्षं यांनी कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकतात. सगळ्याच कुत्र्यांचे होतात असं नाही, पण कुणाचे होतील हे आधी सांगता येत नाही. कांदा आणि लसूण त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात, म्हणजे आपण दावतीनंतर बिर्याणीचं खरकटं सवाब समजून टाकतो तेही तपासायला हवं. शिजलेल्या हाडांच्या तर फासा होतात. आणि कोको. त्यात थिओब्रोमिन नावाचं द्रव्य असतं, चहा-कॉफीतल्या कॅफीनचं भावंड. आपल्या शरीरात ते काही तासांत निम्म्यावर येतं. कुत्र्याच्या शरीरात ते निम्म्यावर यायलाच सतरा-अठरा तास लागतात. दुधाच्या चॉकलेटात ते कमी, काळ्या चॉकलेटात जास्त आणि कोको पावडरमध्ये सर्वात जास्त.

मी विचारलं, "दोन किलोचं पिल्लू असलं तर?"

तिनं बोटांवर हिशेब केला. "दो-चार चम्मच कोको बहुत है टीचर. उलटी, हांपना, दौडना, फिर झटके. किसका पिल्ला है?"

"एक पडोसन पूछ रही थी," मी म्हणाले. हे मात्र जाणूनबुजून बोललेलं खोटं.

त्यानंतर मी या विषयावर जे मिळेल ते वाचत गेले. मनुक्यांचा दोष नेमका कशात, हे कित्येक वर्षं कुणाला कळत नव्हतं. 2021 साली अमेरिकेतल्या पशुवैद्यकांच्या लक्षात आलं की घरी केलेली खेळायची रंगीत कणीक खाऊन आजारी पडलेल्या कुत्र्याची लक्षणं मनुके खाल्लेल्या कुत्र्यासारखीच आहेत. त्या कणकेत क्रीम ऑफ टार्टर होतं. तेव्हापासून द्राक्षातल्या टार्टारिक आम्लावर बोट ठेवलं जातं. हेच आम्ल चिंचेत भरपूर असतं, आणि चिंच खाल्लेल्या कुत्र्यांचेही मूत्रपिंड बिघडल्याच्या नोंदी पुढच्या वर्षी आल्या. आमच्या शाळेच्या आवारात चिंचेचं मोठं झाड आहे. मोती चिंचेला तोंड लावत नाही, तिला माझ्यापेक्षा अक्कल आहे. क्रीम ऑफ टार्टर मात्र केकच्या दुकानात सहज मिळतं. अंड्याच्या पांढऱ्याचं आयसिंग नीट उभं राहावं म्हणून ते घालतात. म्हणजे काळं आयसिंग टाळून पांढरं केलं म्हणून सुटका नाही.

तिसरी गोष्ट झायलिटॉल. बिनसाखरेच्या च्युइंगगममध्ये, गोळ्यांमध्ये आणि काही शेंगदाण्याच्या लोण्यात ही गोडी असते. माणसाला चालते. कुत्र्याच्या शरीरात तिनं इन्शुलिन एकदम उसळतं, रक्तातली साखर कोसळते आणि यकृतही जाऊ शकतं. पाकिटावर कधी नाव असतं, कधी नुसता 967 हा आकडा.

हे सगळं कळून नऊ महिने गेले आणि मी मुलाला काही सांगितलं नाही. डिसेंबरात तो म्हणाला, "इस बार मोती को भी केक. उपर सफेद वाला." मोबाइलवर त्यानं कुठल्या तरी कुत्र्याचा वाढदिवस पाहिला होता. मी नाही म्हणू शकले असते. अम्मांनी मला साथच दिली असती. पण तो लगेच पुढं म्हणाला, "छोटू को कित्ता अच्छा लगा था, ना?"

त्या रात्री सांगितलं. "वो ठंडी से नई मरा. मैंने जो दी थी ना, काली आयसिंग, उससे मरा होगा. मेरे को मालूम नई था." कोकोनं की मनुक्यांनी, हे मी सांगू शकत नाही. पण भांडं मी दिलं होतं.

तो रडला नाही. बराच वेळ छताकडं बघत राहिला. मग म्हणाला, "बी.एड. में नई सिखाते?"

"नई सिखाते."

"तो तू ठंडी कायकू बोली?"

याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. आता ही नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं वहीत उर्दूत यादी केली, कुत्र्याला काय चालतं आणि काय नाही. घरातला प्रत्येक पुडा घेऊन तो 967 शोधत बसला. आणि केक पाहिजेच, यावर तो अडून होता. कुत्र्याला आयसिंगचं काय कौतुक, असं मी म्हटलं तर म्हणाला की त्याशिवाय तो केक कसला, भाकरी झाली.

म्हणून भाकरीपासूनच सुरुवात केली. दोन वाट्या ज्वारीचं पीठ, शिजवून कुस्करलेला लाल भोपळा अर्धी वाटी, एक अंडं, मळायला गरम पाणी. ज्वारीला चिकटपणा नाही, गार पाण्यात मळली की लाटताना फाटते, हे मराठवाड्यात सांगायला नको. पीठ परभणी मोतीचं होतं, आमच्या कृषी विद्यापीठाच्या रब्बी वाणाचं. मोतीसाठी मोती, म्हणून मुलगा खूश. अम्मा बाजूला बसून "कुत्ते के लिए अंडा!" म्हणत होत्या आणि माझ्या हाताला जमत नाही म्हणून पीठही त्यांनीच मळलं. सवयीनं त्यांचा हात मिठाच्या डब्याकडं गेला. मुलानं तो धरला. वाटीनं गोल कापले आणि तव्यावर मंद आचेवर, झाकण ठेवून, दोन्ही बाजूंनी कडक होईपर्यंत भाजले.

आयसिंगला मात्र तीन खेपा लागल्या. साखर नाही, लोणी नाही, मग पांढरं काय? पहिल्यांदा खोबरेल तेलात तांदळाचं पीठ कालवलं. सकाळच्या थंडीत ते छान गोठलं आणि दुपारी ऊन वर आल्यावर ताटलीत उतरलं. खोबरेल चोवीस-पंचवीस अंशांना वितळतं, हे मी सातवीला शिकवते. दुसऱ्यांदा तांदळाच्या पिठाची घट्ट पेज शिजवून फासली. ती वाळली आणि येलदरीच्या धरणात उन्हाळ्यात गाळ तडकतो तशी तडकली. तिसऱ्यांदा अम्मा म्हणाल्या, "चक्का लगा. इत्ता क्या सोचना."

हे मला सुचायला हवं होतं. अर्धा लिटर दह्याचा चक्का, रात्रभर मलमलच्या कापडात नळाला टांगलेला. मोठ्या कुत्र्यांना दुधातली साखर नीट पचत नाही. दही लागताना ती थोडी कमी होते आणि चक्का टांगला की पाण्यासोबत आणखी निघून जाते. त्यात त्याच तांदळाच्या पेजेचा एक चमचा फेटला, म्हणजे तो बिस्किटावर बसतो, घसरत नाही. अर्ध्या भागात बीटाच्या रसाचे चार थेंब घालून गुलाबी केला. हळद घालून पाहिली, ते पिठल्यासारखं दिसायला लागलं, सोडून दिलं. हे आयसिंग टिकत नाही. आयत्या वेळी लावायचं आणि लगेच द्यायचं. आणि दोन-तीनच बिस्किटं, कारण रोजच्या भाकर-तुकड्याची सवय असलेल्या पोटाला मेजवानी झेपत नाही. हेही माझ्या विद्यार्थिनीनंच सांगितलं. पडोसन कोण होती, ते तिलाही या वेळी सांगून टाकलं. ती फोनवर थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "टीचर, सब के घर में यही होता है."

अम्मांशी वाद झाला नाही असं नाही. मी म्हटलं, असहाबे कहफच्या सोबत कुत्रा होता, सूरह कहफमध्ये त्याचा उल्लेख आहे. अम्मा म्हणाल्या, "था. दहलीज पे था. गार के अंदर नई." यावर बी.एड. काही कामाचं नाही. विहिरीत उतरून तहानलेल्या कुत्र्यासाठी बुटात पाणी भरून आणणाऱ्या माणसाची हदीस त्यांना माझ्याहून चांगली माहीत आहे, बयानात ऐकलेली. त्यांचं म्हणणं एवढंच की पाणी पाजणं वेगळं आणि घरात घेणं वेगळं. मोतीला मी घरात घेणार नव्हतेच.

दहलीजचा प्रश्न शाळेतही आला. सर्वोच्च न्यायालयानं 7 नोव्हेंबर 2025 ला आदेश दिला की शाळा, दवाखाने, बसस्थानकं, रेल्वे स्टेशनं इथल्या मोकाट कुत्र्यांना उचलून, नसबंदी आणि लसीकरण करून निवाऱ्यात ठेवावं, परत त्याच जागी सोडू नये. प्रत्येक संस्थेनं त्यासाठी एक जबाबदार माणूस नेमावा. आमच्या शाळेत ते नाव माझं पडलं, "आपको कुत्तों का मालूम है" म्हणून. मला या आदेशाचा राग नाही. दोन वर्षांपूर्वी तिसरीतल्या एका मुलीला कुत्रा चावला होता. प्रत्येक इंजेक्शनला तिच्या आईचा चेहरा मी पाहिला आहे. रेबीजची लक्षणं दिसली की औषध नाही. मोतीला विद्यार्थिनीनं लस टोचली आहे, पण ते मोतीच्या कपाळावर लिहिलेलं नाही. ती रोज मुलासोबत फाटकापर्यंत येते, बाहेर बसते, शाळा भरली की निघून जाते. कागदावर एक रकाना होता, आवारात आढळणाऱ्या कुत्र्यांची संख्या. मी बराच वेळ पेन धरून बसले आणि शून्य लिहिलं. फाटकाच्या आत ती येत नाही.

वाढदिवसाच्या सकाळी भिंतीवरचं ते भांडं मुलानं स्वतः उतरवलं. वर्षभर ते तिथंच पालथं होतं. त्यात तीन बिस्किटं ठेवली, दोन पांढरी, एक गुलाबी. मोतीनं आधी वास घेतला, मग पांढऱ्याचं आयसिंग चाटून साफ केलं आणि बिस्किट तसंच ठेवलं. मुलगा माझ्याकडं बघून हसला. मग गुलाबी बिस्किट तोंडात धरून ती नालीच्या बाजूला गेली आणि तिथं उकरू लागली. आम्ही कुणी काही बोललो नाही.

भांडं घेऊन मी नळाकडं निघाले तर अम्मा आतून म्हणाल्या, "उधरच रख. पानी डाल उसमें. और हात धो के आ."

मी हात धुतले. मुलगा शेजारी उभा राहून मोजत होता.