अण्णांची शेअरवही

सोलापूरच्या चाटी गल्लीतील एका जुन्या कापडदुकानात दिवाळीच्या सकाळी मंदिरात निर्वाणलाडू चढवून झाला, की सायंकाळी वहीपूजनाची तयारी होते. पाटावर रोजकीर्द, खतावणी आणि उधारीची वही अशा तीन वह्या मांडल्या जातात. संगणक आल्यावरही हा क्रम मोडलेला नाही. या घरात आणखी एक वही होती; ती मात्र पूजेला कधी आली नाही. आतल्या खोलीतील पत्र्याच्या ट्रंकेत, लग्नाच्या शालूखाली ती पडून असे. ती शेअरांची वही होती.

आपल्या व्यापारी घराण्यांतील ही एक विचित्र गोष्ट आहे. दुकानातील मीटरभर कापडाचा हिशेब लागला नाही तर दिवा मालवू न देणारा माणूस शेअरांच्या बाबतीत मात्र अघळपघळ असतो. शेअर म्हणजे कपाटातली ठेव, दुकानाच्या धंद्याबाहेरची, अशीच समजूत दिसते. वास्तविक सोलापूरला भागभांडवल काही नवे नाही. येथील जुनी मिल १८७७ साली भागभांडवलावर उभी राहिली. १८८२ साली याच शहरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी जहाजापासून विमानापर्यंतचे उद्योग कंपन्या काढूनच उभे केले. जुन्या मिलचा कारभार १९५० साली सरकारने ताब्यात घेतला, तेव्हा तिचा एक भागधारक थेट सर्वोच्च न्यायालयात गेला होता. त्याचा अर्ज फेटाळला गेला, पण भागधारकाच्या मूलभूत हक्कांची चर्चा निघाली की कायद्याचे विद्यार्थी आजही सोलापूरचे नाव घेतात.

चाटी गल्लीतील त्या घरचे अण्णा मुंबईच्या एका दलालामार्फत शेअर घेत. १९९६ पर्यंत त्यांच्याकडे रिलायन्सचे दोनशे शेअर जमले होते. वहीत त्यांनी प्रत्येक कंपनीला एक पान दिले होते. खरेदीची तारीख, भाव, दलाली, प्रमाणपत्राचा क्रमांक, ट्रान्स्फर फॉर्म पाठविल्याची व प्रमाणपत्र परत आल्याची तारीख, असे सारे सुवाच्य अक्षरात लिहिलेले. १९९७ साली कंपनीने एकास एक बोनस दिला, त्याची नोंद आहे. २००६ साली कंपनीची विभागणी होऊन चार नव्या कंपन्यांचे शेअर घरात आले, त्यांची नावे आहेत. २००९ च्या बोनसची नोंद आहे. पुढे अण्णांना मोतीबिंदू झाला आणि २०१२ नंतर पाने कोरी राहिली.

ती कोरी राहण्याला डोळ्यांखेरीज आणखी एक कारण होते, आणि ते बहुतेक घरांना लागू पडते. ऑक्टोबर २००४ पासून शेअरबाजारातील व्यवहारांवर उलाढाल कर लागला आणि त्याच्या मोबदल्यात बारा महिन्यांहून अधिक काळ जवळ ठेवलेल्या शेअरांवरील नफा करमुक्त झाला. ही सवलत मार्च २०१८ अखेरपर्यंत टिकली. ज्या नफ्यावर करच नाही, त्याची खरेदीकिंमत कोण सांभाळणार? त्या साडेतेरा वर्षांत कितीतरी घरांनी जुन्या काँट्रॅक्ट नोटा रद्दीत घातल्या. एप्रिल २०१८ पासून कर परत आला तेव्हा विक्रीचा भाव सर्वांना ठाऊक होता, खरेदीचा कोणालाच सांगता येईना.

अण्णा २०२१ साली गेले. डीमॅट खात्यावर थोरल्या मुलाचे नामनिर्देशन असल्याने सारे शेअर त्याच्या खात्यात आले. मधल्या २०१७ च्या बोनसमुळे रिलायन्सचे आता सोळाशे झाले होते. अण्णांनी मृत्युपत्रात मात्र दोन्ही मुलांना निम्मेनिम्मे लिहिले होते. अशा वेळी ज्याच्या नावाचे नामनिर्देशन, तोच मालक, असे अनेक जण धरून चालतात. डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा भ्रम दूर केला. ते प्रकरण ‘कालनिर्णय’चे संस्थापक जयंतराव साळगावकर यांच्या मिळकतीविषयीचे होते. नामनिर्देशित व्यक्ती ही केवळ सांभाळणारी असते, मालकी वारसांची वा मृत्युपत्राप्रमाणे ठरते, असा त्या निकालाचा आशय. थोरल्याला निकालाची गरज नव्हती. २०२४ च्या उन्हाळ्यात त्याने आठशे शेअर धाकट्याच्या खात्यात वर्ग केले. ऑक्टोबरमध्ये पुन्हा एकास एक बोनस झाला आणि दोघांकडे सोळाशे-सोळाशे शेअर झाले.

धाकट्याला अक्कलकोट रस्त्याच्या एमआयडीसीत टॉवेलचे माग घालायचे होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याने आठशे शेअर विकले. बरोबरी राहावी म्हणून थोरल्यानेही त्याच दिवशी, जवळपास त्याच भावाने आठशे विकले. जुलैमध्ये विवरणपत्रांची कामे निघाली आणि घरात ठिणगी पडली.

थोरल्याच्या दलालाच्या तक्त्यात ते शेअर २०२१ साली आलेले, म्हणून नफा दीर्घमुदती; खरेदीकिंमत शून्य; कर एक लाखाच्या वर. धाकट्याच्या तक्त्यात तेच शेअर २०२४ साली आलेले, म्हणून नफा अल्पमुदती; खरेदीकिंमत पुन्हा शून्य; वीस टक्क्यांनी कर दोन लाखांच्या घरात. बापाचे शेअर तेच, संख्या तीच, विक्रीचा दिवसही तोच. धाकट्याचे पैसे मागांत गुंतून गेले होते. तो रात्री दुकान बंद होताना म्हणाला, ‘‘दादा, वाटणी निम्मी झाली म्हणता, मग माझ्या वाट्याला कर दुप्पट कसा? तुम्ही मला कुठले शेअर दिलेत?’’ थोरल्याने उत्तर दिले नाही. दुसऱ्या दिवशी धाकटा दुसऱ्या सीएकडे गेला, आणि दोन्ही बिऱ्हाडांतील सायंकाळचा एकत्र चहा बंद झाला.

येथे दोष संगणकाला देणे सोपे आहे. दलालाचा तक्ता त्याच्या खात्यात शेअर कधी शिरले तेवढेच जाणतो. ते कोणाकडून आले, त्या माणसाने ते केव्हा व कितीला घेतले, हे त्याला कळण्याचा मार्ग नाही. कायदा मात्र वारशाने आलेल्या शेअरांना मूळ मालकाचीच खरेदीकिंमत आणि त्याचाच धारणकाळ देतो. विक्रीची रक्कम प्राप्तिकर खात्याच्या वार्षिक माहितीपत्रकात आपोआप उमटते; खरेदीची बाजू करदात्याने दाखवायची असते.

थोरली सून बी.कॉम. झालेली. दुकानाचा जीएसटी तीच भरते. सासूबाईंच्या परवानगीने तिने ट्रंक उघडली. अण्णांच्या वहीने पहिली गाठ सुटली, कारण शेअर १९९६ पर्यंतचे आहेत हे त्यावरून दिसले. ३१ जानेवारी २०१८ पूर्वी घेतलेल्या शेअरांना एक सवलत आहे. त्या दिवसाचा बाजारातील सर्वाधिक भाव आणि विक्रीचा भाव यांतील जो कमी, तो प्रत्यक्ष खरेदीकिमतीहून जास्त असल्यास तोच खरेदीभाव धरता येतो. म्हणजे २०१८ पर्यंतची वाढ करातून सुटते. २०१७ च्या बोनस शेअरांची किंमत एरवी शून्य, पण तेही त्या तारखेपूर्वीचे असल्याने त्यांनाही हाच भाव मिळतो. २०२४ चा बोनस मात्र शून्यच. शिवाय डीमॅटमध्ये जे आधी आले ते आधी विकले असे धरायचे असते. त्यामुळे दोघांनी विकलेले आठशे-आठशे हे जुनेच होते, आणि हे त्यांच्या पथ्यावर पडले.

आता त्या दिवसाचा भाव हवा होता. थोरल्याच्या मुलाने मोबाइलवर आलेख काढून आकडा सांगितला. त्याप्रमाणे कर साठ हजारांच्या आसपास येऊ लागला. सुनेला संशय आला, कारण आकडा फार लहान दिसत होता. अशा आलेखांतील जुने भाव नंतरच्या बोनसप्रमाणे कमी करून दाखवलेले असतात. २०२४ च्या बोनसमुळे २०१८ चा भाव तेथे निम्म्याच्या आसपास दिसत होता. तिने शेअरबाजाराच्या त्या दिवशीच्या मूळ भावपत्रकातून आकडा घेतला. ही चूक मोबाइलवर विसंबणाऱ्या कोणत्याही घरात होऊ शकते आणि ती करदात्याच्याच खिशातून जाते.

राहिली २०१२ नंतरची कोरी पाने. २०१७ च्या बोनसची नोंद कोठेच नव्हती. दुकानातील जुने दिवाणजी सहज म्हणून गेले, ‘‘वहिनी, अण्णांसारखं अक्षर मला येतं. दोन ओळी लिहून टाकतो, कोण बघतंय?’’ माणूस प्रामाणिक, चाळीस वर्षे घरचे मीठ खाल्लेला. भावांतील तेढ मिटावी एवढाच हेतू. सासूबाई माळ ओढत बसल्या होत्या. सत्याणुव्रताच्या अतिचारांत कूटलेखक्रिया आहे, हे त्यांना कोणी शिकवायला नको होते. त्या एवढेच म्हणाल्या, ‘‘दिवाणजी, बोनस खराच मिळालाय ना? मग खरा कागदही कुठेतरी असेल. तो शोधा.’’

कागद होता. अण्णांचे डीमॅट खाते बंद झालेले असले तरी ज्या बँकेत ते होते तेथे अर्ज करून जुन्या व्यवहारांचा उतारा मागता आला. मृत्यूचा दाखला, मृत्युपत्राची प्रत, दोन खेपा आणि तीन आठवडे लागले. उताऱ्यात सप्टेंबर २०१७ मध्ये आठशे शेअर जमा झाल्याची ओळ होती. वही, हा उतारा, थोरल्याकडून धाकट्याकडे वर्ग केल्याची स्लिप आणि मृत्युपत्र, अशी चार कागदांची साखळी दोन्ही सीएंपुढे ठेवली गेली. दोघांचाही नफा दीर्घमुदती ठरला. सव्वा लाखाची सूट प्रत्येकाला वेगळी मिळाली. उरलेल्यावर साडेबारा टक्क्यांनी कर प्रत्येकी दहा-पंधरा हजारांच्या घरात आला, आणि पूर्वी न जुळणारे दोन सीएंचे आकडे आता जुळले.

वहीतून आणखी थोडे निघाले. २००६ च्या चार कंपन्यांपैकी दूरसंचार कंपनी पुढे दिवाळखोरीत गेली. ते शेअर निरुपयोगी म्हणून कोणी पाहिलेच नव्हते. नुकसानीत विकलेल्या शेअरांचा तोटा विवरणपत्र मुदतीत भरल्यास आठ वर्षे पुढे ओढता येतो, हे घरात प्रथमच कळले. एका कंपनीचा लाभांश सात वर्षे न उचलल्याने शेअरच सरकारच्या गुंतवणूकदार निधीकडे गेल्याचेही दिसले. तो अर्ज अजून चालू आहे.

विवरणपत्रे भरून झाल्यावर धाकटा एका सकाळी दुकानात आला. ‘‘वहिनी, त्या पानाची झेरॉक्स द्याल का?’’ असे त्याने विचारले. तिने पान दिले, आणि स्वतः नवीन सुरू केलेली वहीही दाखवली. पहिल्याच पानावर जिओ फायनान्शिअलची नोंद होती. २०२३ साली हा भाग वेगळा झाला तेव्हा मूळ किमतीतील ४.६८ टक्के त्याकडे व ९५.३२ टक्के रिलायन्सकडे धरायचे, असे कंपनीनेच कळवले होते. ते पत्र तिने तेथेच डकवले होते. धाकटा उभ्या उभ्या वाचत राहिला. थोरल्याने गल्ल्यावरून न पाहताच पोऱ्याला तीन चहा सांगितले.

त्या वर्षीच्या वहीपूजनात पाटावर चार वह्या होत्या. अण्णांची मूळ वही कोणत्या घरी राहावी, यावर मात्र दोघा भावांचे अजून ठरलेले नाही.