पवनारचे शेत

दिल्ली-गाझियाबादच्या परिसरात ‘फार्म हाउस’ हा शब्द उच्चारला की डोळ्यांपुढे हिरवळ, शामियाना आणि लग्नाची रोषणाई उभी राहते. शेत तेथे नावापुरते उरते. समारंभ हेच पीक होऊन बसते. शेत हे शेतच राहावे आणि तरीही माणसांनी तेथे एकत्र यावे, हे किती अवघड असते ते वर्ध्याजवळच्या पवनारला समजते.

धाम नदीकाठच्या जमनालाल बजाजांच्या बंगल्यात १९३८ साली विनोबा आले, तेव्हा त्यांची प्रकृती खालावलेली होती. रोज थोडे थोडे शेत खणत त्यांनी ती सावरली. त्या खोदकामातच भरत-रामभेटीचे प्राचीन शिल्प हाती आले. पुढे १९५० मध्ये कांचनमुक्तीचा प्रयोग सुरू झाला. पैशावाचून, बैलांवाचून, हातांच्या बळावर शेती करायची. विहिरीवरचा रहाटही माणसांनीच फिरवायचा. १९५१ साली भूदानाची हाक देशभर गेली. तिच्या मुळाशी असलेली ही ओल सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

१९५९ मध्ये याच जागी विनोबांनी स्त्रियांच्या सामूहिक साधनेसाठी ब्रह्मविद्या मंदिर स्थापिले. तेथे कोणी प्रमुख नाही. निर्णय सर्वसंमतीने होतात. स्वयंपाक, झाडलोट आणि शेतातले काम हीदेखील साधनाच. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी विनोबा निवर्तले. त्या दिवसाच्या सुमारास दरवर्षी तेथे मित्रमिलन भरते.

परंतु नोव्हेंबर हा विदर्भातल्या शेतकऱ्याच्या सवडीचा महिना नव्हे. कापूस वेचायचा असतो, गहू-हरभरा पेरायचा असतो. पाहुणा आणि वाफसा एकाच वेळी दाराशी येतात, आणि दोघांनाही थांबा म्हणता येत नाही. यावर उपाय एकच : पाहुण्याने पाहुणा राहू नये. जो भाजी निवडायला बसतो, ताटे घासतो, त्याचाच त्या मेळाव्यावर खरा हक्क.

हा सहभाग आता केवळ सौजन्याचा राहिलेला नाही. आरंभीच्या भगिनी वृद्ध झाल्या, कित्येक निवर्तल्या. विचार टिपून घेता येतो, ग्रंथालयात जपता येतो. शेताचे तसे नाही. एक हंगाम चुकला की तण माजते. म्हणून मित्रमिलनाची खरी कसोटी समारोपानंतर लागते. मंडळी पांगल्यावर जो चार दिवस मागे राहून खुरपे हाती घेतो, त्याच्या आधारानेच पुढच्या वर्षीचे निमंत्रण निघते.